न्हेफाताफ्ल शिकूया: वेढ्यातून राजा बाहेर काढण्याचा खेळ

घरात बुद्धिबळाचा संच असेल तर हा खेळ आज रात्री जेवणं झाल्यावर खेळता येईल. काही विकत आणायचं नाही. फक्त बुद्धिबळाने लावलेली एक सवय तासभर बाजूला ठेवायची: दोन्ही बाजू सारख्या असतात ही.

इथे एका बाजूला १६ सोंगट्या आहेत आणि राजा नाही. दुसऱ्या बाजूला ८ सोंगट्या आणि राजा, तोही पटाच्या मधोमध, चारी दिशांनी वेढलेला. वेढा घालणाऱ्यांना राजा पकडायचा आहे, राजाला काठापर्यंत निसटायचं आहे. गावाकडे जमिनीवर रेघा ओढून वाघ-बकरी खेळलेल्यांना ही विषमता ओळखीची वाटेल. पण तिथे वाघाची आणि बकरीची ताकदच निराळी असते. इथे सगळ्या सोंगट्या एकसारख्या चालतात, फरक फक्त संख्येचा आणि उद्दिष्टाचा. त्यामुळे दोघांनी विचार करायची रीत वेगळी पडते. नव्या माणसाला शिकवताना मी नियमांपेक्षा जास्त वेळ याच गोष्टीवर देते, कारण नियम वीस मिनिटांत येतात आणि ही गोष्ट आठदहा डावांनी उमगते.

आधी नावाचं बघू

न्हे-फा-ताफ्ल. प्राचीन नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, ‘न्हेफी’ म्हणजे मूठ आणि ‘ताफ्ल’ म्हणजे पट. ताफ्ल हा शब्द लॅटिनमधल्या ‘ताबुला’वरून, म्हणजे फळीवरून आला. एकूण अर्थ ‘मुठीचा पट’. ही मूठ म्हणजे मधली राजाची सोंगटी.

नाव परकं असलं तरी त्याचा पहिला उच्चार आपल्याला जड जात नाही. इंग्रजी बोलणारे त्यातल्या ‘ह’ आणि ‘न’च्या जोडीपाशी अडखळतात आणि शेवटी ‘ह’ सोडून देतात. आपण न्हावी, न्हाणी, न्हाणं म्हणतच वाढलो. दोन स्वरांमधला फ त्या काळी बराचसा व सारखा उच्चारला जाई, त्यामुळे ‘न्हेवाताव्ल’ म्हटलंत तर मूळ उच्चाराच्या अधिक जवळ जाल. इंटरनेटवर शोधताना मात्र रोमन अक्षरं लागतील: एच, एन, ई, एफ, ए, टी, ए, एफ, एल.

नावामागची हकिगत मला फार आवडते. सुरुवातीला या खेळाला नुसतं ‘ताफ्ल’ म्हणत. पट म्हटलं की हाच, दुसरा कुठला सांगायची गरजच नव्हती. मग दक्षिणेकडून बुद्धिबळ आलं. तोही पट. त्याला ‘स्काकताफ्ल’ म्हणू लागले आणि जुन्या खेळालाही वेगळं ओळखण्यासाठी पुढे मूठ लावावी लागली. त्यातला ‘स्काक’ फारसी ‘शाह’वरून प्रवास करत तिथे पोचला. बुद्धिबळ खेळताना आपण जो ‘शह’ देतो तोही त्याच शाहचा. आइसलँडमध्ये आजही बुद्धिबळाला स्काक म्हणतात.

हा खेळ आपल्यापर्यंत कसा पोचला

हे थोडक्यात सांगते, पण वगळू नका, कारण नियमांचा घोळ इथूनच सुरू होतो.

एस्टोनियातल्या साल्मे इथे इसवी सन ७५०च्या सुमारास दोन नौकांमध्ये योद्ध्यांना पुरलं होतं. त्यांच्यासोबत व्हेलच्या हाडाच्या आणि वॉलरसच्या सुळ्याच्या सोंगट्या मिळाल्या. नॉर्वेतल्या गोकस्टाडच्या नौकेचं उत्खनन १८८० साली झालं. त्यात एका पटाचा तुकडा सापडला: एका बाजूला चौकटींचा पट आणि उलट्या बाजूला आपली नवकंकरी. बाराव्या शतकात ऑर्कनी बेटांचा जार्ल, म्हणजे सरदार, रॉग्नवाल्द याने आपल्याला अवगत असलेल्या नऊ कला एका कवितेत मोजल्या आहेत. त्यात होडी वल्हवणं, बर्फावरून घसरत जाणं, धनुष्यबाण, वीणावादन वगैरे आहे, पण पहिला मान ताफ्लचा.

एवढं सगळं असूनही खेळाचे नियम व्हायकिंगांपैकी कोणी लिहून ठेवले नाहीत. ज्या गोष्टी घरोघरी सगळ्यांनाच येतात त्या कोण लिहिणार?

नियम लिहिले ते खूप नंतर, आणि एका वनस्पतीशास्त्रज्ञाने. कार्ल लिनेयस. वनस्पती आणि प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावं द्यायची पद्धत ज्याने रुजवली तो, आणि आपल्या आंब्याला ‘मॅन्जिफेरा इंडिका’ म्हणणाराही तोच. १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वनस्पती गोळा करत स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाकडे लॅपलँडमध्ये फिरत होता. तिथल्या सामी लोकांना त्याने एक खेळ खेळताना पाहिलं. त्याला सामी भाषा येत नव्हती. तरी शेजारी बसून, चाली बघून, त्याने रोजनिशीत पटाची आकृती आणि नियम टिपले. नाव लिहिलं ‘ताब्लुत’. वेढ्यातल्या बाजूला त्याने स्वीडिश म्हटलंय आणि वेढा घालणाऱ्यांना मॉस्कोवाले. न्हेफाताफ्लच्या घराण्यातला हाच एक खेळ असा आहे की ज्याचे जवळजवळ पूर्ण नियम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने लिहिलेत. म्हणून सुरुवात ताब्लुतनेच करायची.

पट मांडणं

बुद्धिबळाच्या पटावर आडवी-उभी ८ घरं असतात. ताब्लुतला ९ लागतात. पण ८ घरांना कडेच्या धरून ९ रेघा असतात! म्हणून सोंगट्या घरांत न ठेवता रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंवर ठेवायच्या. ही काही ओढूनताणून काढलेली पळवाट नाही. याच घराण्यातला एक इंग्लंडमधला खेळ, ज्याची आकृती बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे, तो बिंदूंवरच खेळतात.

आता गंमत बघा. काळ्या सोंगट्या सगळ्या घ्या, वजिरासकट: बरोबर १६. हे वेढेकरी. पांढऱ्यांतली फक्त प्यादी घ्या: ८. हे रक्षक. वर पांढरा राजा. बाकी पांढरे डब्यातच राहू द्या. एकही कमी पडत नाही. काळा वजीर आणि काळं प्यादं यांच्यात या खेळात काहीच फरक नाही, हे मात्र खेळायच्या आधी मोठ्याने सांगून ठेवा. लहान मुलं हमखास विसरतात.

पटाच्या कडेच्या रेघेबाहेर थोडी पट्टी असेल तर सोंगट्या नीट उभ्या राहतात. नसेल तर सरळ चार्ट पेपरवर ४ सेंटिमीटरची ९ × ९ घरं आखा आणि घरांत खेळा. खेळ तोच.

बिंदू ओळखण्यासाठी उभ्या रेघांना डावीकडून १ ते ९ आणि आडव्या रेघांना खालून १ ते ९ आकडे द्या. आधी उभी, मग आडवी. म्हणजे ३-४ हा तिसऱ्या उभ्या आणि चौथ्या आडव्या रेघेचा बिंदू.

राजा ५-५ वर, बरोबर मध्ये. या बिंदूला मी गादी म्हणते. त्यावर खडूची खूण करा, कारण राजा उठून गेल्यावरही गादीचं महत्त्व राहतं. राजाच्या चारी बाजूंना दोन-दोन रक्षक, सरळ रेषेत: ५-४, ५-३, ५-६, ५-७, ४-५, ३-५, ६-५, ७-५. वेढेकरी चार टोळ्यांत, प्रत्येक काठाच्या मध्यावर तिघे आणि त्यांच्यापुढे एक पाऊल आत चौथा. खालची टोळी ४-१, ५-१, ६-१ आणि पुढे ५-२. डावीकडची १-४, १-५, १-६ आणि पुढे २-५. वरची ४-९, ५-९, ६-९ आणि ५-८. उजवीकडची ९-४, ९-५, ९-६ आणि ८-५.

मांडणी बरोबर झाली की मधली उभी रेघ आणि मधली आडवी रेघ टोकापासून टोकापर्यंत भरलेली दिसते. चारी कोपरे रिकामे.

चाल

सगळ्या सोंगट्या, राजाही, बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या चालतात. सरळ, आडवं किंवा उभं, वाट मोकळी असेल तितकं लांब. तिरकं नाही, उडी नाही. पहिली चाल वेढेकऱ्यांची.

गादीवर राजाखेरीज कोणी बसायचं नाही आणि रिकामी असली तरी ती ओलांडूनही जायचं नाही. राजाला परत येऊन बसता येतं.

मारणं, म्हणजे कात्री

शत्रूची सोंगटी तिच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना आपली एकेक सोंगटी आणून मारायची. डावी-उजवी किंवा वर-खाली. तिरक्या बाजू मोजायच्या नाहीत. ‘कात्रीत सापडणं’ हा वाक्प्रचार याला इतका चपखल बसतो की आमच्या घरी या माराला कात्रीच म्हणतात.

तीन बारकावे आहेत.

स्वतःहून शत्रूच्या दोन सोंगट्यांमध्ये जाऊन उभं राहिलात तर मरण नाही. कात्री मिटणारी चाल शत्रूची असावी लागते. बुद्धिबळवाल्यांना हे पचायला वेळ लागतो. ते अशा रिकाम्या जागांना घाबरून उगीच लांबचा वळसा घेतात.

एका चालीत एकापेक्षा जास्त कात्र्या मिटू शकतात. तुमची सोंगटी जिथे थांबली तिथून तीन दिशांना तीन मारही शक्य आहेत.

आणि पटाचा काठ कोणाचा मित्र नाही, शत्रूही नाही. काठावरच्या सोंगटीला मारायचं तर काठाच्याच रेघेवर दोन्ही बाजूंनी यावं लागतं.

राजाही कात्रीचं एक पातं होऊ शकतो. काही ठिकाणी निःशस्त्र राजा खेळतात, म्हणजे राजा मारण्यात भाग घेत नाही. तुम्ही नवखे असाल तर सशस्त्र राजाच ठेवा.

राजा केव्हा मरतो: इथे थांबा आणि नीट वाचा

राजा गादीवर असेल तर त्याला चारी बाजूंनी वेढावं लागतं. गादीला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी. चौथी बाजू रिकामी गादी सांभाळते. आणि गादीपासून दूर असेल तर? इतर कुठल्याही सोंगटीसारखा, दोन बाजूंच्या साध्या कात्रीत.

या शेवटच्या वाक्यामुळे खेळाचं शंभर वर्षांहून जास्त नुकसान झालं. लिनेयसची रोजनिशी १८११ साली इंग्रजीत छापली गेली. त्या भाषांतरात नेमका हाच नियम बिघडला आणि राजाला कुठेही असो, चारी बाजूंनी वेढल्याशिवाय पकडता येत नाही असा समज झाला. आता विचार करा. राजाला काठावरचा कुठलाही बिंदू पुरतो आणि वर त्याला मारायला चार जण लागतात. वेढेकऱ्यांनी करायचं काय? पुढे ज्यांनी ज्यांनी हा खेळ नव्याने उभा करायचा प्रयत्न केला त्यांना तो एकतर्फी वाटला, आणि मग प्रत्येकाने आपापली डागडुजी केली: राजाला काठ नको, कोपरा गाठू दे, कोपऱ्याजवळचे बिंदू बंद करू, वगैरे. आज याच खेळाचे पाच-सहा प्रकारचे नियम सापडतात त्याला मुख्य कारण ही एक चूक आहे. त्या डागडुजीतून काही सुंदर खेळही जन्मले, ते खरं. पण ताब्लुत खेळताना मूळचा नियम धरा. कुठल्या संकेतस्थळावर ‘राजा काठावर निसटतो’ आणि ‘राजाला नेहमी चौघे लागतात’ हे दोन्ही एकत्र दिसलं तर तो नियमसंच सोडून द्या.

जिंकणं

राजा काठावरच्या कुठल्याही बिंदूवर पोचला की त्याची बाजू जिंकली. राजा कात्रीत सापडला की वेढेकरी जिंकले. कोणाकडे एकही चाल उरली नाही तर तो हरला. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली तर आम्ही डाव बरोबरीत सोडतो.

लिनेयसने दोन शब्द टिपून ठेवलेत आणि ते वापरल्याशिवाय मला खेळल्यासारखं वाटत नाही. राजासमोर काठापर्यंत एक वाट मोकळी झाली की त्याच्या खेळाडूने ‘राइची’ म्हणून सांगायचं, आपण शह म्हणतो तसं. पुढच्या चालीत वेढेकऱ्यांना ती वाट बंद करता येते. दोन वाटा एकदम मोकळ्या झाल्या तर ‘तुइचू’. एका चालीत दोन वाटा बुजत नाहीत, डाव संपला. माझी भाची सात वर्षांची असल्यापासून ‘तुइचू’ म्हणण्यासाठी राजाची बाजू मागते.

पहिला डाव खेळण्यापूर्वी

दहा मिनिटं फक्त कात्रीचा सराव करा. दोन्ही रंगांच्या सहा-सहा सोंगट्या पटावर कशाही पसरा, राजा नको, आणि एकमेकांना मारत सुटा. एवढ्याने नजर तयार होते: कुठली सोंगटी धोक्यात आहे, कुठल्या बिंदूवर शत्रू एका चालीत येऊ शकतो. मग पट मांडा.

पहिल्या डावात अनुभवी माणसाने वेढेकरी घ्यावेत आणि नवख्याला राजा द्यावा. राजाचं काम समजायला सोपं आहे: वाट शोध आणि पळ. वेढ्याचं काम शिकावं लागतं.

वेढा घालायचा कसा

नवखे वेढेकरी पहिल्या चालीपासून मारामारीला धावतात. रक्षक दिसला की कात्री, पुन्हा रक्षक, पुन्हा कात्री. तीन-चार रक्षक मारले जातात, आणि तोवर पट इतका मोकळा होतो की राजा आरामात निघून जातो. पट जितका रिकामा, तितक्या राजाच्या वाटा जास्त. वेढेकऱ्याने हे वाक्य मनात ठेवूनच पहिली चाल करावी.

वेढ्याचं खरं हत्यार आहे तिरकी साखळी. या खेळात कोणीच तिरकं चालत नाही. म्हणून दोन सोंगट्या तिरक्या शेजारी असल्या की त्यांच्या मधून कोणीही जाऊ शकत नाही, जरी नजरेला फट दिसली तरी. सरळ रेषेत भिंत बांधायला जितक्या सोंगट्या लागतात त्यापेक्षा खूप कमी सोंगट्यांत तिरकी साखळी तेवढंच क्षेत्र अडवते.

हे पटावर करून बघा. आरंभीची मांडणी ठेवा आणि समोरच्याला सांगा, तू काही हलवू नकोस. आता काठावरच्या टोळ्यांतल्या दोन्ही टोकांच्या सोंगट्या सरळ दोन बिंदू आत न्या: ४-१ ची ४-३ ला, ६-१ ची ६-३ ला, १-४ ची ३-४ ला, १-६ ची ३-६ ला, आणि तसंच वर व उजवीकडे. आठ चाली. पुढे उभे असलेले चौघे जागेवरच आहेत. पटावर शंकरपाळ्याच्या आकाराचं बंद कुंपण तयार झालं, फक्त बारा सोंगट्यांचं, आणि चार हाताशी शिल्लक. बाहेरचे चार रक्षक या चालींतच कात्रीत गेले आणि राजा उरलेल्या चौघांसह आत कोंडला गेला. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ पटाकडे पाहतच राहिले होते.

आता समोरच्याला हलायची मुभा द्या आणि पुन्हा पहिल्यापासून करा. ४-१ ची सोंगटी ४-३ ला गेली. ३-५ वरचा रक्षक खाली उतरून ३-३ वर आला. ५-३ वर त्याचा साथीदार उभाच आहे. कात्री मिटली, तुमची सोंगटी गेली. ३-४ वर आधी गेलात तरी हेच होतं: ५-३ वरचा रक्षक सरकून ३-३ वर येतो आणि वर ३-५ वर दुसरा असतोच.

म्हणजे कुंपणाची कल्पना बरोबर, पण शत्रूच्या दाराशी जाऊन ते बांधता येत नाही. दुरून बांधायला घ्या. २-५ वरची सोंगटी खाली २-३ वर न्या. कुठलाही रक्षक तिला लगेच मारू शकत नाही. पुढच्या चालीत ५-२ ची सोंगटी डावीकडे ३-२ वर. आता १-४, २-३, ३-२, ४-१ ही एक अखंड तिरकी साखळी झाली आणि डावा खालचा कोपरा बंद पडला. १-५ आणि ५-१ वर तुमचे पहारेकरी अजून आहेतच. साखळीतली सोंगटी मारायची तर शत्रूला साखळीच्या पलीकडे एक माणूस लागतो, आणि पलीकडे जायचीच वाट तुम्ही बुजवली आहे.

समोरचा तुम्हाला सलग इतक्या निवांत चाली करू देणार नाही, हे उघड आहे. मधे राइची येईल, एखादी सोंगटी वाचवावी लागेल. तरी मोकळी चाल मिळाली की स्वतःला विचारायचं: कुठला कोपरा अर्धा बंद आहे? तो पुरा करा. राजाच्या वाटा एका बाजूला वळवल्या की पहारा कुठे द्यायचा ते कळतं, आणि मग वेढा आवळताना कात्र्या आपोआप मिळू लागतात.

राजाच्या बाजूने

आरंभी राजाला सगळ्यात जास्त अडचण स्वतःच्याच माणसांची असते. चारी बाजूंना रक्षक, हलायला जागा नाही. पहिल्या दोन-तीन चालींत कुठलं तरी दार उघडा. ५-४ चा रक्षक उजवीकडे ७-४ वर नेलात की राजा ५-४ वर उतरू शकतो. तो अजून गादीला लागून आहे, त्याला मारायला तिघे लागतील, म्हणून हे पहिलं पाऊल बऱ्यापैकी सुरक्षित.

तिथून पुढचं प्रत्येक पाऊल दोन बाजूंच्या कात्रीच्या टप्प्यात असतं. राजाला शत्रूच्या सोंगटीशेजारी थांबवण्याआधी तिच्या समोरची बाजू बघा. त्या बिंदूवर दुसरा वेढेकरी एका चालीत येऊ शकतो का? हा एक प्रश्न विसरल्यामुळे नवख्यांचे निम्मे डाव जातात. उत्साहात राजाला लांब पळवायचं, राइची म्हणायचं, आणि समोरच्याने वाट अडवणाऱ्या त्याच चालीत राजाला कात्रीत धरायचं.

पटावरचे चार बिंदू लक्षात ठेवा: ३-३, ३-७, ७-३, ७-७. आरंभी या प्रत्येकापासून दोन काठ मोकळे दिसतात. उदाहरणार्थ ३-३ वरून डावीकडे १-३ आणि खाली ३-१. त्या वाटा बुजायच्या आत राजा तिथे पोचला की तुइचू. म्हणून वेढेकरी कोपरे बंद करायला धडपडतात आणि म्हणून राजाच्या बाजूने पहिल्यापासून त्यांच्या साखळीच्या पलीकडे एक माणूस सोडून ठेवायचा प्रयत्न करावा. कोपऱ्यात आधीच जाऊन बसलेला एक रक्षक साखळीच्या पाठीमागून कात्री मिटू शकतो. नुसता बसलेला दिसतो, पण वेढेकऱ्याची झोप उडवतो.

रक्षक मरू द्यायला कचरू नका. ते राजासाठीच आहेत. एक रक्षक देऊन एक वेढेकरी मिळत असेल आणि त्याने रेघ मोकळी होत असेल तर तो सौदा बहुतेक वेळा राजाच्या फायद्याचा. आइसलँडच्या एका जुन्या गाथेतल्या कोड्यात या सोंगट्यांना राजाभोवती निःशस्त्र लढणाऱ्या स्त्रिया म्हटलंय. मला रक्षकांकडे पाहताना ते कोडं आठवतं.

जोडडाव

एकाच डावावर हारजीत ठरवू नका. बाजू सारख्या नाहीत, मग एका डावाने काय ठरणार? नेहमी दोन डाव खेळा, बाजू बदलून. दोन्ही जिंकलात तर प्रश्नच नाही. एकेक जिंकला असेल तर राजाला कमी चालींत बाहेर काढणारा विजयी. चाली मोजायला वाटीत शेंगदाणे टाकत जा.

या पद्धतीचा खरा लाभ शिकण्यात आहे. राजाच्या बाजूने खेळताना ज्या साखळीने तुमचा जीव मेटाकुटीला आणला, तीच पुढच्या अर्ध्या तासात तुम्हाला बांधायची असते. त्यामुळे ती विसरत नाही.

पुढचे पट

ताब्लुत हातात बसलं की या घराण्यात पुष्कळ काही आहे. आयर्लंडचा ‘ब्रांडुव’, नावाचा अर्थ काळा कावळा, ७ × ७ घरांचा. ८ वेढेकरी, ४ रक्षक आणि राजा. कॅरमच्या एका संचात तो पुरा होतो: काळ्या आठ, पांढऱ्या चार आणि राजा म्हणून लाल राणी. डाव दहा मिनिटांत संपतो, प्रवासात उत्तम. वेल्समध्ये ११ × ११चा ‘तॉलबुर्द’ होता. त्याची नोंद १५८७ सालच्या हस्तलिखितात आहे. सर्वांत मोठा तो मघाशी म्हटलेला इंग्लंडमधल्या हस्तलिखितातला, १९ × १९ बिंदूंचा. त्याच्या वाटेला मी नवख्यांना अजिबात पाठवणार नाही.

आज जगभरचे लोक ऑनलाइन मुख्यतः ११ × ११चा पट खेळतात. त्याचे ‘कोपनहेगन नियम’ २०१२ साली ठरले. २४ वेढेकरी, १२ रक्षक आणि राजा. इथे राजाला काठ पुरत नाही, चार कोपऱ्यांपैकी एक गाठावा लागतो, आणि त्या बदल्यात त्याला पकडायला चौघे लागतात. राजासकट सगळ्या रक्षकांना कुंपणात कोंडलं तरी वेढेकरी जिंकतात, म्हणजे तुमची तिरकी साखळी इथे थेट विजय देते.

त्यासाठी बुद्धिबळाचे दोन संच लागतील: एकातले सगळे काळे, दुसऱ्यातली काळी प्यादी, आणि पांढऱ्या प्याद्यांपैकी बारा. पट अख्ख्या चार्ट पेपरवर आखा, ४ सेंटिमीटरची ११ घरं म्हणजे बाजू ४४ सेंटिमीटर. पेन्सिलीने आखून मग स्केचपेनने गिरवा. मध्यावर आणि चारी कोपऱ्यांत ठळक खूण करायला विसरू नका, कारण या पाच घरांत राजाखेरीज कोणाला थांबता येत नाही. आयर्लंडमध्ये बॅलिंडेरीला १९३२ साली लाकडाचा एक पट सापडला, दहाव्या शतकातला, सोंगट्या खोचायला ७ × ७ भोकं असलेला. तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्याही मधल्या भोकाभोवती वर्तुळ कोरलेलं आहे आणि कोपऱ्यांना खुणा आहेत.